कुशाबाच्या खोलीतला भोंगा

"यंदा गणपतीला गावी जाताना खोलीची चावी कुणाकडे ठेवायची नाही," कुशाबाने बायकोला बजावलं. "गिरणीत चार साचे एकटा चालवायचो मी. हा डबा लावायला असा किती वेळ लागतो?"

डबा म्हणजे चोर शिरला की बोंबलणारं यंत्र. मुलगा निलेश म्हणत होता, दुकानातला माणूस येऊन बसवून देईल. कुशाबाने त्याला उडवून लावलं. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीतून चोराने काय न्यायचं, हे विचारायची सोय नव्हती. कारण भीती चोराची नव्हतीच, राग शेजारच्या रामदासवर होता. चाळीस वर्षं चावी त्याच्याकडे राहायची. गेल्या गणपतीत त्याने कुशाबाच्या खोलीत दहा दिवस पत्त्यांचा अड्डा भरवला आणि वर कुशाबाची उशी कडक आहे म्हणून तक्रार केली. तेव्हापासून बोलणं बंद.

निघायच्या दिवशी सकाळी स्वारी स्टुलावर चढली. चोराचा हात पोचू नये म्हणून डबा पार वर टांगला. स्वतःचा हात पोचतो का, हा विचार मोठ्या माणसाने कशाला करायचा? दाराला पट्टी चिकटवली, कपाटावर हालचाल टिपणारा डोळा बसवला, तो मात्र निघतानाच चालू करायचा होता. सोबतच्या पुस्तकातली सोपी पानं वाचली, अवघड सोडून दिली. बंद करायचा नंबर म्हणून गिरणीतला बिल्ला नंबर घातला, बेचाळीस सतरा. मग दार लावून परीक्षा घ्यायला बसला.

आता आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलं तर आत नवराबायकोचं जुंपलंय असं धरतात. समोरची मीनाक्षी सोडवायला म्हणून धावली, तिने दार ढकललं आणि भोंगा सुरू झाला. कुशाबा स्टुलावर चढला, नंबर दाबून उतरला, दार पुन्हा लावून बसला. तेवढ्यात बुधाजी पेपर मागायला आला. पुन्हा भोंगा, पुन्हा स्टूल. पाचव्या वेळी कुशाबाचे गुडघे संपावर गेले. मग तो खाटेवरूनच ओरडू लागला, "बेचाळीस सतरा दाब!" दुपारपर्यंत माणसं दारात चपला काढावी तितक्या सहज आत येऊन, स्टुलावर चढून नंबर दाबायला लागली. अख्ख्या मजल्याला नंबर पाठ झाला. असा गुप्त कारभार.

बायको सुभद्रा एकदाच म्हणाली, "अहो, रामदासभावजींना चावी द्या नि मोकळे व्हा."

"मेलो तरी देणार नाही," कुशाबा म्हणाला.

चार वाजता कुलूप घालून दोघं नाक्यावर गेली. गावच्या मंडळाची बस उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गणपतीची पूजा थोरला म्हणून कुशाबाच्याच हातून व्हायची होती. ही बस चुकली तर दुसरी नव्हती. सामान टपावर चढलं आणि मीनाक्षीचा फोन आला. भोंगा थांबत नव्हता. निघताना सुभद्राने ओली लुगडी आत दोरीवर टाकली होती आणि वास येऊ नये म्हणून खिडकी जरा उघडी ठेवली होती. वाऱ्याने लुगडं हललं, डोळ्याने चोर पाहिला. नंबर सगळ्या चाळीला ठाऊक होता. फक्त दाराला कुलूप होतं आणि चावी कुशाबाच्या खिशात.

ड्रायव्हरने दहा मिनिटं दिली. कुशाबा धोतर सावरत धावला. तिसऱ्या मजल्यावर पोचला. गॅलरीत सगळी चाळ कानात बोटं घालून उभी होती आणि पुढे रामदास. उघडून, बंद करून, खिडकी लावून बस गाठायची तर पायांत जीव उरला नव्हता. कुशाबाने मान वळवून चावी पुढे केली.

रामदासने ती घेतली. कुलूप काढलं, नंबर दाबला, खिडकी लावली. मग डबा खिळ्यावरून उतरवून काखेत मारला, दाराला कुलूप घालून चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि आपल्या खोलीकडे निघाला.

"तो कुठे नेतोस?" कुशाबाने धापा टाकत विचारलं.

"महागाची वस्तू आहे रे," रामदास म्हणाला. "दहा दिवस बंद खोलीत ठेवली तर चोर नेतील."