महालाची पायरी

बसलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी पायरीची विचारपूस करायचे, मग माणसांची. काठीनं दगड ठोकायचे, वाकून त्यावरची धूळ फुंकायचे आणि कोरलेलं फूल दिसलं की घरमालकाला सांगायचे, "हे तुमचं न्हाई. महालाचं हाय."

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही हेच. पोहे राहिले बाजूला, मुलीच्या बापाला बाहेर बोलावून त्यांनी पायरी उकरायला लावली. लग्न जमलं, पण पायरी आधी किल्ल्यात गेली आणि सून मागून घरात आली.

अप्पा माझे शेजारी. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. बायको, गंगाबाई, वारल्यापासून घरात एकटेच. लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या गावात ज्याला त्याला बांधकामाचं वेड लागलं. त्यात दुष्काळ. शेतात काम नाही, बैल दावणीला उपाशी. मग गाडीवानांनी किल्ल्यातल्या पडक्या महालाचे घडीव दगड गावात आणून टाकायला सुरुवात केली. मोठ्या कमानीखालच्या निम्म्या पायऱ्या गेल्या. आणखी थोडे दगड निघाले असते तर कमानही खाली आली असती. ती पडू द्यायची नाही, एवढंच अप्पांनी मनावर घेतलं होतं.

मी एकदा म्हणालो, "अप्पा, राजे गेले, राज्यं गेली. त्या पडक्या महालाचं आता काय एवढं?"

"बहामनी गेले, बरीदशाही गेली, निजाम बी गेला," अप्पा म्हणाले. "म्हणून तर. आता मालक कोण? तुम्ही अन् मी. मालकानंच घर फोडायचं का? उद्या लेकरं इचारतील, आपल्या गावात काय हाय? त्यांना काय मोंढा दाखवनार?"

अर्ज-विनंत्या हा अप्पांचा स्वभाव नव्हे. ते थेट मस्तानभाई गाडीवानाकडे गेले. "मस्तान, गाडी उलटी हाक. गावातून किल्ल्यात. बैलाचा कडबा माझ्याकडं लागला."

"हाव अप्पा," मस्तानभाई म्हणाला. "आणले बी आपनच, नेनार बी आपनच." बैलांना कडबा मिळाला, त्यांचीही काही तक्रार नव्हती.

आमच्याकडे धाड पडली ती न्हाणीवर. माझ्या बायकोचा, हिचा, धुण्याचा दगड महालाचा निघाला. ही कंबरेला पदर खोचून म्हणाली, "मग धुणं कुठं आपटू?"

"धुवायला पाणी कुठं हाय, ताई? पाऊस पडंस्तोवर तिकडं ऱ्हाऊ द्या."

पुढं पाऊस पडला तेव्हा ही दगड मागायला गेली. अप्पा म्हणाले, "आता त्यो रुळला तिथं." ही महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पण ते नंतरचं. त्या दुष्काळातच कमानीखाली एका लांब दगडाची जागा तेवढी भरायची राहिली आणि तसा दगड कुठं सापडेना. शेवटी मस्तानभाई अप्पांच्या दारात गाडी थांबवून हळूच म्हणाला, "अप्पा, बुरा मानू नका. लोकं बोलायलेत. तुमच्या दारातला?"

अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. लांब काळा दगड, कडेला कमळ. गंगाबाई रोज दुपारी त्यावर बसून ज्वारी पाखडायच्या. गावभर काठी आपटत फिरणाऱ्या अप्पांनी त्या दगडाला कधी काठी लावली नव्हती. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. संपलं म्हणायचं, असं मला वाटलं.

सकाळी पहारीचा आवाज आला. अप्पा स्वतः पायरी उकरत होते. मी हात लावायला गेलो तर त्यांनी मान हलवली. गाडी निघाली तेव्हा दगडावर हात ठेवून ते शेजारून चालत होते. "हळू, मस्तान. हळू."

कमान वाचली. अप्पांच्या दारात मात्र खड्डा राहिला, भिंतीला धरून ते घरात चढायचे.

एका संध्याकाळी मी किल्ल्यात गेलो. अप्पा त्या पायरीशेजारी खाली मातीत बसले होते, पांढरंशुभ्र धोतर मळवत.

"अप्पा, पायरी रिकामी आहे की. वर बसा."

त्यांनी उपरण्यानं दगड पुसला. "तिथं ती बसती," ते म्हणाले. "घरात लई एकटी पडली होती. हितं वारं हाय, माणसं येतेत."

मीही मग खाली मातीतच टेकलो.