राजाबाईचा अडकित्ता

बेळगावात लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. त्यात परशराम हवालदारानं सुरुंग शोधायचं एक यंत्र घेतलं आणि ते खांद्यावर टाकून तो गावी आला. दुसऱ्या कुणाच्या घरी असली वस्तू आली असती, तर बायको कपाळाला हात लावून उंबऱ्यातच बसली असती. परशरामाच्या घरी कपाळाला हात लावायला कुणी नव्हतं. तो लढाईवर इटलीत असतानाच बायको तापानं गेली होती आणि ते कळवणारं पत्र त्याला सात महिन्यांनी मिळालं होतं. मूलबाळ नव्हतं. कुलूप उघडून त्यानं यंत्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यालाच म्हणाला, "बस. च्या टाकतो."

निपाणीपासून चार मैलांवर, वेदगंगेच्या काठाला हे गाव. लढाई संपल्यावर हवालदार परत आला तेव्हा पहिले आठ दिवस चावडीपुढं त्याच्याभोवती गर्दी जमायची. इटलीतल्या एका नदीच्या वाळूतून त्यानं बेचाळीस सुरुंग कसे काढले, ही गोष्ट गावानं तोंड उघडं टाकून ऐकली. पण गोष्ट एकच होती आणि दिवस पुष्कळ. पंधराव्या दिवशी भावकू न्हाव्यानं त्याची दाढी करता करता उरलेली गोष्ट स्वतःच सांगून टाकली, तीही सुरुंगांचा आकडा न चुकता. महिन्याभरात लोक त्याला लांबून पाहून वाट बदलू लागले. बाया पहाटे उठून निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या कामाला जात, बाप्ये रानात जात, आणि हवालदार घरात उगाचच भांडी वाजवत बसे. कुणाशी तरी चार शब्द बोलावेत म्हणून त्याचा जीव कासावीस होई.

यंत्र आणल्यावर निदान हातांना काम मिळालं. पौषातलं हिव होतं. नदी आटून एका कडेला गेली होती आणि अलीकडं वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. धुक्यात लष्करी ओव्हरकोट घालून, कानांना हेडफोन लावून परशराम त्या वाळूवरून यंत्र फिरवी. यंत्र म्हणजे एक दांडा आणि त्याच्या टोकाला तव्याएवढी थाळी. खाली लोखंड, पितळ काही असलं की कानात कुईं वाजायचं. लिलावात दांडा मोडकाच मिळाल्यामुळं हवालदाराला कमरेत वाकून चालावं लागे आणि ओव्हरकोटाचा घोळ थेट थाळीवर लोळे. पहिल्या आठवड्यात त्याला बैलांच्या खुरांच्या दोन पत्र्या, एक मोडका विळा आणि भोकाचा एक पैसा मिळाला. बोलायला मात्र कोणी मिळालं नाही.

मग एके दिवशी राजाबाई आली. पन्नाशी उलटलेली विधवा. नजर मंद झाल्यामुळं वखारीतलं काम सुटलेलं, एकुलता एक मुलगा लोंढ्याला रेल्वेत. धुण्याचं बोचकं दगडावर आपटून ती म्हणाली, "हवालदार, ह्या तुमच्या यंत्राला अडकित्ता गावतो का?"

"हत्ती सोडून समदं गावतं. कुठं पडलाय?"

"हितंच. दिवाळीच्या धुण्याला आलतो तवा कनवटीतनं पडला. पितळी हाय, मुठीला पोपट. मालकांनी जत्रंतनं आणलेला. तवाधरनं सुपारी ठेचूनच खातोय."

परशरामाचं तोंड उजळलं. त्यानं थाळी वाळूवर धरली आणि दहाव्याच पावलाला कानात कुईं झालं. अंगात मुरलेली सवय जाते कुठं? तो ओरडला, "आडवे पडा!" राजाबाईनं काहीएक न विचारता वाळूत लोळण घेतली. खाली निघाला घोड्याचा नाल. अंगावरची वाळू झटकत राजाबाई हसायला लागली ती थांबेचना. परशरामही हसला. आपल्याला हसता येतं हे तो विसरूनच गेला होता.

त्या दिवसापासून राजाबाई रोज येऊ लागली. येऊन दगडावर बसायची, नवी जागा दाखवायची आणि बोलायची. सुनेबद्दल, वखारीतल्या मुकादमाबद्दल, लोंढ्याच्या पावसाबद्दल. इटलीची गोष्ट तिनं तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा "मग वं?" असं विचारलं. गावानंही काही म्हटलं नाही. एरवी एक विधुर आणि एक विधवा नदीकाठी बोलत बसली असती, तर संध्याकाळच्या आत ती गोष्ट चावडीपर्यंत पोचली असती. पण बाईचा अडकित्ता हरवलाय आणि हवालदार शोधतोय, यात वाकडं काय काढणार?

आणि इथंच घोटाळा झाला. पाचव्या दिवशी राजाबाई पाण्याच्या कडेला लुगडं पिळत असताना परशरामाला अडकित्ता सापडला. हातभर वाळूखाली, पोपटासकट. आनंदानं हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अडकित्ता दिला की ही बाई "देव तुमचं भलं करो" म्हणणार आणि घरी जाणार. उद्यापासून हिनं नदीवर येऊन आपल्याशी बोलायचं ते कुठल्या कारणानं? परशरामानं इकडंतिकडं पाहिलं आणि अडकित्ता हळूच ओव्हरकोटाच्या खिशात टाकला. चारच दिवस, त्यानं मनाशी म्हटलं. मग देऊन टाकू.

तो खिसा फाटका होता. अडकित्ता भोकातून अस्तरात गेला आणि अस्तरातून घरंगळत पार कोटाच्या घोळाशी जाऊन बसला. संध्याकाळी परशरामानं खिशात हात घातला तर खिसा रिकामा. त्यानं दुसरा खिसा उलटा केला, तोही रिकामा. लपवलेली वस्तू आता खरोखरच हरवली होती आणि तीही दुसऱ्याची, तिच्या मेलेल्या नवऱ्याची आठवण.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत वाळूवर हजर. थाळी खाली धरली आणि कानात कुईं! दोन पावलं पुढं सरकला, तिथंही कुईं. डावीकडं, उजवीकडं, जाईल तिथं यंत्र किंचाळत होतं. घोळातला अडकित्ता थाळीवर लोळत होता, पण ते परशरामाला कसं कळावं? राजाबाई आली, तिनं हेडफोन कानाला लावून पाहिला.

"बाई गं! हे तर रडतंया!"

"मग हितंच असणार," परशराम म्हणाला आणि दोघांनी खणायला सुरुवात केली. काही नाही. दोन हात पलीकडं खणलं, तिथंही काही नाही. दिवस वर येईपर्यंत चौदा खड्डे झाले.

तेवढ्यात धोकटी घेऊन भावकू न्हावी तिथून चालला होता. तो थांबला, त्यानं खड्डे मोजले, हेडफोन मागून घेतला, आवाज ऐकला आणि गावाकडं पळत सुटला.

"दोन म्हातारी माणसं एका अडकित्त्यासाठी चौदा खड्डे खणत्यात व्हय रं?" तो चावडीपुढं म्हणाला. "हंडा हाय, हंडा! जुन्या देसायानं पुरलेला!"

दुपारी वाळूवर तीस-चाळीस माणसं कुदळी-फावडी घेऊन उभी राहिली. परशराम जिथं थांबेल तिथं यंत्र वाजे, जिथं वाजेल तिथं खड्डा पडे आणि खड्ड्यातून नुसतं पाणी वर येई. दुसऱ्या गावची माणसं असती तर यंत्र बिघडलं म्हणून घरी गेली असती. पण पुरलेलं धन जमिनीखालून चालतं, हे आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.

"हंडा चालतोय!" भावकूनं निकाल दिला. "हवालदाराच्या मागनं चालतोय."

"अरं बाबांनो, माझं जरा ऐका," परशराम काकुळतीला आला. "हंडा-बिंडा काय न्हाय, म्या इटलीत—"

"बेचाळीस काढलं, म्हाईत हाय. तुमी निस्तं चाला, हवालदार!"

तीन दिवस हे असंच चाललं. हवालदार चालला की गाव मागून चाले, तो थांबला की गाव थांबे. ज्याच्याशी बोलायला कुत्रं उभं राहत नव्हतं, त्याच्यामागं आता चाळीस माणसं होती आणि त्यांतलं एकही त्याचं बोलणं ऐकत नव्हतं. सगळे कान लावून होते ते जमिनीकडं. राजाबाईला तर बायांनी मागं लोटलं होतं. ती लांब दगडावर एकटीच बसून राही. गर्दीच्या डोक्यांवरून परशराम तिच्याकडं बघायचा. रिकाम्या घरात वाटलं नव्हतं इतकं एकटं त्याला या गर्दीत वाटलं. त्यातच तिसऱ्या दिवशी भावकूनं नवी शक्कल काढली. हंडा हवालदाराच्या मागनं रात्री त्याच्या घरीच जात असणार, म्हणून उद्या घराची जमीन खणायची. लोकांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी कलगोंडा आण्णा आले. नदीकाठची निम्मी तंबाखूची रानं त्यांची. त्यांच्या गाडीच्या बैलाचा पाय एका खड्ड्यात गेला होता.

"एनप्पा हवालदार," आण्णांच्या तोंडी कानडी आधी येई, "काय चालवलंय हे? नदी हाय का चाळण?"

"आण्णा, हंडा हाय," भावकू म्हणाला.

"आण हिकडं ते." आण्णांनी यंत्र घेतलं, हेडफोन लावला आणि वाळूवर दहा पावलं चालून आले. यंत्र गप्प. "काय न्हाय की ह्यात!"

"आण्णा, हंडा हवालदारावरच भाळलाय. दुसऱ्याला दाद दीत न्हाय."

"मी काय म्हंतो—" असं म्हणत परशराम मागं सरकला आणि मागच्या खड्ड्यात पडला. खड्ड्यात छातीभर गार पाणी होतं. चौघांनी ओढून काढला तेव्हा त्याचे दात कडाकडा वाजत होते.

"कोट काढा त्येंचा! मारताय का काय माणसाला?" राजाबाई गर्दीत घुसली. तिनं स्वतःच त्याच्या अंगावरचा ओव्हरकोट ओढून काढला, कुणाचं तरी घोंगडं त्याला पांघरलं आणि कोट वाळवायला म्हणून घरी घेऊन गेली. भावकूनं कुडकुडणाऱ्या हवालदाराच्या हातात पुन्हा यंत्र दिलं. यंत्र गप्प. इथं गप्प, तिथं गप्प, सगळीकडं गप्प.

"गेला," भावकू म्हणाला. "हवालदार पाण्यात पडले आन् हंडा नदीत उतरला."

आण्णा ओरडले, "खड्डे बुजवा आधी!" पण हंडा गेल्यावर गावाला थंडी वाजायला लागली होती. बघता बघता वाळू मोकळी झाली.

सकाळी परशराम नदीवर गेला तेव्हा धुक्यात एकही माणूस नव्हतं. आज खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. अडकित्ता मला सापडला होता, मी तो लपवला आणि नंतर हरवला, हे एवढंच बोलायचं होतं. त्यानंतर राजाबाई आपलं तोंड पाहणार नाही, याची त्याला खात्री होती आणि त्या विचारानं त्याला रात्रभर झोप नव्हती. यंत्र त्यानं नुसतंच सोबतीला आणलं होतं.

राजाबाई आली. तिच्या हातावर कोट होता, कोरडा आणि नीट घडी घातलेला.

"राजाबाई, एक सांगायचं हाय."

"आधी कोट घाला. हिव बघा की किती पडलंय."

त्यानं कोट घातला. सवयीनं खिशात हात गेला. खिशाचं भोक जाड दोऱ्यानं घट्ट शिवलेलं होतं.

"लई फाटलाता," राजाबाई म्हणाली. "अस्तर पार घोळापतोर तपासलं मी."

परशराम गार पडला. त्यानं खाली वाकून कोटाचा घोळ चाचपला. घोळात काही नव्हतं. तिच्याकडं मान वर करून बघायचा त्याला धीर होईना. राजाबाई मात्र शांतपणे दगडावर बसली, तिनं पानसुपारीची चंची सोडली आणि हात पुढं केला.

"घ्या, सुपारी खावा."

परशरामानं तिच्या तळव्याकडं पाहिलं. सुपारी ठेचलेली नव्हती. कातरलेली होती, अगदी पातळ, कागदासारखी. त्यानं एक कात्रण उचलून तोंडात टाकलं. ते चावायला त्याला बराच वेळ लागला.

"काय सांगत हुता?" राजाबाईनं विचारलं.

"काय न्हाय."

"मग ऐका. काल मला आठवलं बघा. अडकित्ता हितं पडलाच न्हाय. त्या वरल्या अंगाला पडलाय, करंजाच्या झाडाखाली. तिकडं हुडकाय पायजे."

परशरामानं हेडफोन कानांवर चढवला, पुन्हा एका कानावरून खाली सरकवला.

"लई दिवस लागतील का?"

"आता ते अडकित्त्यावर हाय," राजाबाई म्हणाली आणि पदर खोचून करंजाच्या दिशेनं चालायला लागली.