मंगळवारचं पुरळ

तपासनीसांच्या कानामागे दर मंगळवारी पुरळ उठायचं, आणि दर मंगळवारीच त्यांच्या सासूबाई लेकीला भेटायला यायच्या. आता यात सासूबाईंचा काय दोष, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण हे गृहस्थ डब्यांच्या कारखान्यात झाकणं तपासायला होते. बिघाड दिसला की गुन्हेगार शोधायचा, ही बावीस वर्षांची खोड. त्यांनी वही घातली. एका रकान्यात पुरळ, दुसऱ्यात त्या दिवशी घरात बाहेरून काय आलं ते. दुसऱ्या रकान्यात दर वेळी सासूबाईच.

"तुझ्या आईच्या डोक्याचं तेल असेल," ते बायकोला चाचरत म्हणाले.

पुढच्या खेपेला सासूबाई कोरड्या केसांनी आल्या. पुरळ उठलं. मग त्यांची पावडर बंद झाली, शाल तीनदा धुऊन झाली, त्यांना लांब खिडकीपाशी बसवून झालं. पुरळ आपलं वेळेवर हजर.

"म्हणजे आता उरले मीच," सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. त्यानंतर त्या फिरकल्याच नाहीत.

बायकोचं माहेर आठवड्यातून एकदा घरी चालत यायचं, तेही गेलं. ती भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ती नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली.

आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा पुरळ.

"त्यांची उशी राहिलीय ना इथे," तपासनीस म्हणाले. उशी माळ्यावर गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुरळ मिशीपर्यंत उतरलं.

"भिंतीवरचा आईचा फोटोही काढते," बायको म्हणाली. "तोही चावत असेल."

तेव्हा कुठे ते वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी वही वाचली आणि हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"शरीराचा पहारा कधीकधी नको तिथे चवताळतो," त्या म्हणाल्या. "काहींच्या अँटिबॉडी आपल्याच पेशींना परकं समजून चिकटतात आणि त्यांचा नाश करतात. काहींमध्ये अँटिबॉडी आणि परका पदार्थ यांची गाठोडी बनतात, ती सांध्यांत नाहीतर मूत्रपिंडात अडकून सूज आणतात. तुमच्यावर मात्र खुद्द पांढऱ्या पेशीच चालून आल्यात. ही फौज जमायला दोनेक दिवस घेते. मंगळवार सोडा, रविवारी काय करता?"

रविवारी सकाळी न्हाणीघराला आतून कडी लावून तपासनीस तासभर काय करतात, हे कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

"कलप," ते इतक्या हळू म्हणाले, की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

कलप सुटला, पुरळ गेलं. राहिल्या सासूबाई. आजवर तपासनीसांनी हजारो झाकणं नापास केली होती, पण चुकून नापास केलेल्याची माफी कशी मागतात, हे कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. तरी गेले बिचारे. उंबऱ्यातच, पांढरं डोकं खाली घालून, सगळं सांगून टाकलं.

"चूक माझीच. तुमचा काही संबंध नव्हता."

"काहीच नव्हता?"

"तिळमात्र नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आत एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मंगळवारी येईन मी. पण हे इथे बोलू नका, जावईबापू. या घरात मी असले काय, नसले काय, सारखंच. मुलगा कामात, नातवंडं मानसुद्धा वर करत नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नुसत्या येण्याने कुणाला काहीतरी झालं. तेव्हापासून सून जरा जपून बोलते हो माझ्याशी."

एवढ्यात आतून सुनेने विचारलं, "कोण आलंय?"

"जावई," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सून बाहेर आली. तपासनीसांनी कानामागे हात नेला आणि मन लावून खाजवायला सुरुवात केली.