ताईला स्वस्थ बसवताना

"एकदा ताईला बोटीवर चढवलं ना, की सबंध सफरभर ती इकडची काडी तिकडे करणार नाही!" अशी घोषणा मी आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून केली. बायको भांडी लावता लावता एवढंच म्हणाली, "बघू या हं." तिच्या या 'बघू या'ला मी फार घाबरतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर इस्पितळात नर्स, नुकतीच निवृत्त झालेली. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. त्यामुळे एकीकडे वॉर्ड आणि एकीकडे मी, असं दोन्ही तिनेच सांभाळलं. पण मला आठवते ती कायम दारातली ताई! एक तर ड्यूटीवर निघालेली, नाही तर ड्यूटीवरून आलेली. चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. आता माझं चष्म्याचं दुकान आहे. रोज अख्खं गाव माझ्यासमोर खुर्चीत बसून जातं, पण ताई कधी म्हणून निवांत बसलेली नाही. मला फक्त एक दुपार हवी होती. दोन खुर्च्या, समोर समुद्र, शेजारी ताई आणि तिच्या हाताला काहीही काम नाही. म्हणून मी आम्हा दोघा भावंडांसाठी ही सफर ठरवली. उबदार हवेची बेटं, नारळाची झाडं, निळं पाणी आणि दर मुक्कामाला नवं बेट!

बोटीवर पाऊल ठेवताच ताईने पहिलं काय केलं असेल, तर आमच्या खोलीतल्या पलंगांच्या चादरी काढून पुन्हा घातल्या. "कोपरे बघ कसे दुमडलेत! पेशंट घसरेल ना!"

"ताई, इथे पेशंट नाहीत."

"दिसतील," ती म्हणाली.

आणि दिसले! संध्याकाळी समुद्र जरा खवळला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ओकारी आली. "आलेच हं दोन मिनिटांत," म्हणून ताई उठली, ती झोपायलाच खोलीत परतली. सकाळी नाश्त्याला बघतो तर ताईसाहेब टेबलाटेबलांवरून राउंड घेताहेत! "झोप लागली? पोट साफ झालं?" टाय लावलेल्या एका गृहस्थांनी हातातला पाव खाली ठेवला.

मला वाटलं, आता तक्रार होणार आणि आपल्याला पुढच्या बेटावर उतरवून देणार. पण झालं भलतंच! लोकांना ते आवडलं. बिचाऱ्यांच्या पोटाची इतक्या आपुलकीने चौकशी कित्येक वर्षांत कुणी केली नसावी. दुपारपर्यंत डेकवर आमच्या खुर्च्यांपुढे रांग लागली. मी सरबत घेऊन आलो, तर माझ्या खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश जीभ बाहेर काढून बसलेले!

"तू जरा उभा राहा रे," ताई म्हणाली. "साहेबांची जीभ फार पांढरी आहे."

पहिलं बेट मी एकट्याने पाहिलं. दुसरंही. प्रत्येक वेळी अनोळखी माणसाला विनंती करून फोटो काढून घेतला. सगळ्या फोटोंत मी एका कडेला उभा आहे आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. बेटं सुंदर होती हो! पण "ताई, ते बघ" म्हणायला वळावं, तर मागे नारळाचं झाड.

"ताई, आज तरी चल ना!"

"अरे, त्या आजोबांच्या पायांना सूज आहे. तू ये जाऊन. टोपी घाल. आणि फार खोल जाऊ नकोस पाण्यात."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस! पण खरं सांगतो, मला त्या आजोबांचा हेवा वाटला. न्यायाधीशांच्या जिभेचासुद्धा.

शेवटचं बेट यायच्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताईला पेशंटच हवा आहे ना? मग घरचाच घे! मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि कण्हायला लागलो.

"काय होतंय रे?" ताई धावतच आली आणि पलंगाच्या काठावर बसली. चक्क बसली! माझ्या कपाळावर तिने हात ठेवला. तोच खरखरीत, साबणाचा वास येणारा हात. मला इतकं बरं वाटलं, की मी आणखी जोरात कण्हलो. दुकान कसं चाललंय, गुडघा अजून दुखतो का, असं ती विचारत राहिली आणि बाहेर आजोबा ताटकळत राहिले. पण लोभ वाईट! ती उठेल या भीतीने मी एकेक आजार वाढवत गेलो.

"मळमळतंय?"

"खूप!"

"अंग मोडून आलंय?"

"पार!"

"जुलाब?"

"तेही!"

ताईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती उठली आणि तिने बोटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तोंडाला फडकं बांधूनच आले. साथीचा संशय! कुणीही जवळ जायचं नाही! मला चाकाच्या खुर्चीत घालून दोघे जण खालच्या एका वेगळ्या खोलीकडे न्यायला लागले.

"अहो, मला काही झालेलं नाही! मी नाटक करत होतो!" मी ओरडलो.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "बरळतायत का?"

"थोडंसं," ताई म्हणाली. "लहानपणापासून."

दार बाहेरून बंद झालं. खोलीला ताटाएवढी एक गोल खिडकी होती. तिच्यातून किनारा दिसत होता. होड्या भरभरून लोक बेटावर निघाले होते आणि एका होडीत, बघतो तर काय, ताई! माझ्या आजाराची बातमी अख्ख्या बोटीवर पसरली होती आणि मला हात लावलेल्या ताईपासून सगळी मंडळी लांब सरकून बसली होती. न्यायाधीश तर होडीच्या पार टोकाला! किनाऱ्यावरही तिच्या जवळ कुणी फिरकेना. ती एकटीच झाडाच्या सावलीत गेली, चपला काढल्या, पाय पसरले आणि झोपली. भर दिवसा! दिवसा झोपलेली ताई मी जन्मात पाहिली नव्हती. केवढीशी दिसत होती! उठून तिच्या शेजारी जाऊन बसावं असं फार वाटत होतं, पण मी काचेला नाक लावून उभा राहिलो.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला.

"कसं आहे रे?"

"ताई, खरंच सांगतो, मला काहीच झालेलं नाही."

"ठाऊक आहे. हात लावला तेव्हाच कळलं."

"मग डॉक्टरांना कशाला बोलावलंस?"

ताई हळूच म्हणाली, "तू मोकळा असलास की माझा जीव थाऱ्यावर नसतो रे. टोपी घातली असेल का, पाण्यात लांब गेला असेल का... कामात हात गुंतले की तेवढं विसरायला होतं. आज कसं, तू कुठे आहेस ते पक्कं माहीत होतं. म्हणून झोप लागली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इतकं छान वाटलं म्हणून सांगू!" ताई म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ या ना रे?"

"येऊ या की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार! माझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. त्यात मला कोंडून ठेवणं धरलेलं होतं, एवढंच.