आण्णांचं बोट

आमचं घर आणि शिवाप्पाण्णांचं घर, दोन्हींत मिळून एकच सांडशी होती, आणि ती कायम आमच्याकडं असायची. आण्णांना ती लागायचीच नाही. चहा उकळून वर आला की ते पातेलं बोटांनी धरून उतरवायचे, सावकाश गाळायचे आणि आमच्याकडं बघून म्हणायचे, "गरम हाय व्हय?"

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन-दोन खोल्या. मधली भिंत एक, नळ एक. माझे वडील आणि आण्णा एकाच फौंड्रीत मोल्डर. वाळू दाबून साचा करायचा आणि त्यात तापलेलं लोखंड ओतायचं, हे काम. धुरानं वडिलांची छाती गेली, ते घरी बसले, तेव्हा आई धुण्याभांड्याला जायला लागली आणि मी शेजारी जेवायला. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., फिजिक्स. सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. निकालाच्या दिवशी वडिलांनी मार्कलिस्ट उलटी धरली होती आणि आण्णांनी ती सुलटी करून दिली. वाचता दोघांनाही येत नव्हतं. "शिक्का खाली असतोय," आण्णा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मी 'बी.एस्सी.' झालो.

आण्णांची एकुलती एक मुलगी गौरा. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणंही नव्हतं. तिची आई शांताक्का लेकीबरोबर हातांची भाषा शिकली. आण्णा नाही शिकले. "शांता हाय की सांगायला," म्हणायचे. पण एक गोष्ट त्यांची स्वतःची होती. कामावरून येताना ते रुमालात फौंड्रीची काळी वाळू आणायचे, ती ताटात पसरायचे आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं चित्र काढायचे. म्हैस, कोंबडा, आणि रोज शेवटी एस.टी.ची बस. बसला चाकं मात्र काढायचे नाहीत. ती गौरानं काढायची. एक मोठं, एक बारकं. चाकं लागली की आण्णा ताट गदागदा हलवायचे आणि बस सुटायची. बापलेकीचं बोलणं एवढंच. बाकी सगळं आक्कांमार्फत.

पुढं एकदा ओतताना लोखंड उडालं. आण्णांचा उजवा अंगठा आणि तीन बोटं आखडली. पहिलं बोट तेवढं सरळ राहिलं, तेही टोकाला बैलाच्या खुरासारखं टणक. पातेलं मग ते डाव्या हाताच्या बोटांनी उतरवायला लागले. गौरा मूकबधिर शाळेत लिहायला शिकली. तिला पुण्याला दिली. नवरा तिच्यासारखाच, छापखान्यात कामाला.

मग एका सकाळी आक्का गेल्या. अचानक. हातकणंगल्याजवळ आण्णांचा शेताचा तुकडा, तिथं लिंगायतांच्या रीतीनं आक्कांना मातीत बसवून पुरायचं ठरलं. मी पुण्याला जावयाच्या शेजाऱ्यांकडं फोन केला. गौरा निघाली. भावकी म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरका. आण्णा एकदा म्हणाले, "पोरगी येतीया." दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. गौरा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तिनं ओली माती बघितली, बापाकडं बघितलं नाही, आणि परत गेली.

महिन्यानं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. एकच ओळ होती. 'मला आईचं तोंड का बघू दिलं नाही?' खाली जावयानं मोबाइलचा नंबर दिला होता. नवा फोन घेतलाय, याच्या काचेवर चित्र काढून पाठवता येतं, असंही लिहिलं होतं.

मी कागद-पेन घेऊन बसलो. "सांगा आण्णा, लिहितो."

"तू लिव्हणार?"

"मग कोण?"

"चूक माजी आन् अक्षर तुजं? ठेव ते."

त्यांना पेन धरता येत नव्हतं. म्हणून त्यांनी बोट शाईत बुडवून कागदावर फिरवलं. काळे फराटे उठले. माझ्या आईनं ते बघून कपाळाला हात लावला. "अवो आण्णा, हे पोस्टात टाकलंसा तर करणी केली म्हणून जावई देवरुषाकडं जाईल!"

त्यानंतर आण्णा मोबाइलच्या नादाला लागले. लोकांना वाटलं, बायको गेल्यावर म्हातारा बिघडला.

मी तोवर एम.एस्सी., बी.एड. होऊन कसबा बावड्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवत होतो; आण्णांना मात्र बी.एस्सी.च. आण्णांनी विचारलं, "बी.एस्सी., काचंला बोट कळतं कसं?" मी खडू घेतला आणि भिंतीवर आकृती काढून समजावलं. एका प्रकारात दोन पातळ थर असतात, दाबलं की ते एकमेकांना टेकतात. दुसऱ्या प्रकारात दाबायचं नाही, बोट नुसतं टेकवायचं. आपल्या अंगातनं वीज जाऊ शकते, ती काचेला कळते.

"म्हंजे एक दाबाची आन् एक नुसती शिवायची."

तेव्हापासून आण्णांना जगात दोनच जाती दिसायला लागल्या. "तलाठी दाबाचा. दाबल्याबिगर त्याला काय कळत न्हाय. तुजी आई शिवायची. नुसतं दारात हुबं ऱ्हायलं की चहा टाकती."

कोल्हापुरातलं मोबाइलचं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. "पावणं, काच कसली?"

"काका, पाच मेगापिक्सेल कॅमेरा आहे."

"कॅमेरा ऱ्हाऊ दे. काच?"

"प्रोसेसर लई फास्ट आहे, बघा."

"मला काय शर्यतीला न्यायचाय व्हय त्यो? काच सांग."

दाबाच्या काचेचे फोन होते, पण बारके. आण्णांचं बोट ठेवलं की निम्मी काच झाकायची. "ह्यात बस बसत न्हाय," ते म्हणायचे. "रिक्षा बसंल." सोबत काचेवर लिहायला पेनासारखी काडी मिळायची, ती आखडलेल्या बोटांतून निसटायची.

अशात पेपरात एक जाहिरात आली. तळहाताएवढ्या काचेचा नवा फोन दिवाळीला येणार होता. आण्णांनी ती कापून आक्कांच्या फोटोच्या चौकटीत खोचली. "ती काच दाबाची का शिवायची?" मी कॉलेजातल्या इंटरनेटवर बघितलं. शिवायची. आण्णांचं तोंड उतरलं. "दाबाची बरी रं. वाळूगत असती. दाबलं की वळ उठतोय. आन् काच म्हंजे तरी काय, वाळूच की."

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "आण्णा, दाबाची आता जुनी झाली. तिच्यावर चरे पडतात, उन्हात दिसत नाही. ही स्वच्छ, हलकी. सगळे फोन आता असेच होणार. थांबा, माझं ऐका."

"बरं. तू शिकलाईस."

ते चार महिने थांबले. त्या चार महिन्यांत गौराच्या ओळीला उत्तर गेलं नाही आणि तिचं दुसरं पत्र आलं नाही.

फोन आला त्या दिवशी आण्णा इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आले. काउंटरवरच्या बाईंनी फोन पुढं ठेवला. मी बोट टेकवलं, काच झळाळली. आण्णांनी टेकवलं. काही नाही. सदऱ्याला पुसून टेकवलं. मी ओला रुमाल दिला, डाव्या हाताची राठ बोटंही टेकवून बघितली, तरी काही नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खुरासारख्या मेल्या कातड्यातून काचेला काही कळणारच नव्हतं. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. आण्णांचं बोट मी लहानपणापासून बघत होतो. दोन्ही एकत्र कधी ठेवून बघितलं नव्हतं.

बाईंचा डबा उघडा होता. सहज गंमत म्हणून त्यांनी काकडीची फोड काचेवर फिरवली. काचेवरचं चित्र सरकलं. दुकानातली माणसं हसली. आण्णाही हसले.

"काकडीला वळखती. मला न्हाय."

मग माझ्याकडं न बघता हळू म्हणाले, "चार म्हैनं गेलं, बी.एस्सी."

मला आजपर्यंत कुणी एवढं कमी आणि एवढं लागेल असं बोललेलं नाही.

बाईंनी डबा झाकला. "काका, कुणाला पाठवायचंय?" मी सांगितलं. थोडक्यात, पण सगळं. त्या खाली वाकल्या आणि तळाच्या खणातून एक जाडजूड फोन काढला. "हा दाखवायला ठेवला होता. दाबाचा आहे. आता कुणी विचारत नाही याला." काचेवर चरे होते. पण आडवा धरला की बरीच जागा होती.

आण्णांनी बोट दाबलं. रेघ उठली.

तिथंच उभ्या उभ्या, काउंटरवर वाकून त्यांनी बस काढली. टप, खिडक्या, मागची शिडी. पंधरा मिनिटं लागली. गिऱ्हाइकं आली, ताटकळली, बाईंनी कुणाला बोलू दिलं नाही. बसला चाकं काढली नाहीत. मग बोट थोडं बाजूला नेऊन त्यांनी रस्त्यावर एक माणूस काढला. त्याचे दोन्ही हात वर होते. मला वाटलं, बस थांबवतोय. नीट बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले होते.

"धाड," आण्णा म्हणाले. फोन तिथंच विकत घेतला आणि मी बस गौराच्या नंबरावर पाठवली.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. आण्णा फोन उशाला घेऊन झोपत, आणि सकाळी भिंतीवर थाप मारून मला विचारत, "बिघडलाय का बग की जरा." बिघडलेला नसायचा.

पाचव्या दिवशी मी वर्गात शिकवत होतो. दारात आण्णा उभे. धापा टाकत. आयुष्यात ते पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. सगळ्या पोरांदेखत त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

बस परत आली होती. तिला चाकं होती. एक मोठं, एक बारकं. कान धरलेला माणूस तसाच उभा होता. तो तिनं पुसला नव्हता.

पुढच्या रविवारी गौरा हातकणंगल्याच्या स्टेशनवर उतरली. आण्णा आणायला एकटेच गेले. मी येऊ का विचारलं, तर म्हणाले, "तू कशाला? फोनबी नेत न्हाय मी." दोघं शेतात आक्कांच्या मातीपाशी दुपारपर्यंत बसले. त्यांनी तिथं काय काढलं, काय पुसलं, मी विचारलं नाही. परत आल्यावर आण्णांनी चहाचं पातेलं नेहमीसारखं बोटांनी उतरवलं. नखात माती होती.

आक्का गेल्यावर नऊ महिन्यांनी बापलेक एकमेकांशी बोलले. मध्ये कुणी नव्हतं.