अण्णांची नॅपकिन

मे महिन्यात दुपारी साडेबाराला आमच्या गल्लीत एक सत्तरीचा माणूस चपला काढून डांबरी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि मोठ्यानं आकडे मोजतो. तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू. पाचाच्या आत उडी मारावी लागली, तर घराकडं तोंड करून ओरडतो, "कर्फ्यू!" आणि आत जाऊन दार लावून घेतो. कर्फ्यू मांजरांना असतो. संध्याकाळी तो परत बाहेर येऊन मोजतो. दहापर्यंत पाय टिकले, तर कर्फ्यू उठतो.

गल्लीत नवीन आलेले भाडेकरू हे बघून मला हळूच विचारतात, "यांच्या घरी कुणी असतं का हो?" मी सांगतो, "मांजरं असतात."

हे अंबादासअण्णा. त्यांची आणि माझी भिंत एकच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या ज्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे, तिथंच ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेल्या मागाला ताळ्यावर आणणारा माणूस. बायको वारली, मुलगा सुरतेला गेला, आणि अण्णांनी मागावरचं सगळं ज्ञान मांजरांवर वापरायला घेतलं. मांजरांची नावंही तिथलीच. दाट केसांचा बोका टर्किश. अंगावर नक्षी असलेली जेकार्ड. आणि सगळ्यांत लहान, पांढरी, शेपटीचं टोक काळं, ती नॅपकिन.

सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं जगतात हेच पुष्कळ. अण्णांच्या घरी मात्र मांजरांसाठी पाच ठिकाणी पाण्याच्या वाट्या. पाणी चार-पाच दिवसांनी येतं. अण्णा स्वतः तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकतील, पण वाट्यांतलं पाणी दिवसातून तीनदा बदललंच पाहिजे. माठाखाली ओली वाळू, तिच्यावर टर्किशची जागा. खिडकीला ओला टॉवेल. फरशीवर दुसरा, तो ओला नाही, दमट. "तीन पीळ द्यायचं," अण्णा मला शिकवायचे. "दोन दिलास तर मांजर बसत न्हाई. चार दिलास तर उपयोग न्हाई. मांजर कुत्र्यागत तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर आपलं कायतरी चुकलं म्हणून समज."

कुलर एकच होता. त्याचं तोंड जमिनीकडं. अण्णा कडेला बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे.

पण गल्लीला वैताग आणला तो त्यांच्या एका प्रश्नानं. कुणी गाडी सुरू करो, शटर ओढो, कपाट लावो, अण्णांचा आवाज यायचा, "बघितलास काय बे?" म्हणजे आत मांजर नाही ना, ते वाकून बघितलंस का? माग सुरू करायच्या आधी खाली वाकून बघायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. कोपऱ्यावरचा पानवाला टपरी बंद करताना आपणहून ओरडायचा, "बघितलो अण्णा, तंबाखूत मांजर न्हाई!"

मीही हसायचो. कामावरून सुटलो की पंधरा वर्षं मी आधी त्यांच्याकडं चहा प्यायचो, मग घरी जायचो. आमच्या हिला ते आवडायचं नाही. "तितंच मांजर होऊन राहा की," म्हणायची.

आता जे सांगायचं आहे, ते मी हिलाही सांगितलेलं नव्हतं.

ही शेंगाचटणी करून विकते. शेंगदाण्याची पोती आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असतात. पोती म्हटलं की उंदीर आले, आणि उंदरांमागं नॅपकिन. गेल्या मेमध्ये मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं, अक्कलकोटला, तीन दिवस. निघायच्या सकाळीच नेमकं पाणी आलं. पिंपं भर, टाकी भर, बॅगा भर. त्यात रिक्षावाला खाली हॉर्न मारतोय. मी गच्चीवर धावलो, खोलीचं दार ओढलं, कुलूप घातलं. खालून आवाज आला,

"बघितलास काय बे, सुधाकर?"

मी बघितलं नव्हतं. पोत्यांमागं वाकायला दहा सेकंद लागले असते. मी ओरडलो, "बघितलं हो, बघितलं! किती वेळा विचारता?"

लग्नात मी जेवलो, पंगतीत वाढलं, वरातीत थोडा नाचलोही. त्या तीन दिवसांत लोक म्हणत होते, असं ऊन बघितलं नाही.

परत आल्यावर दार उघडलं. ती दाराच्या फटीशीच होती. फटीतून जेवढी हवा येते, तिथं नाक लावून. दाराच्या लाकडावर खालच्या बाजूला ओरखडे होते.

मी काय केलं ते लिहितो. तिला पॅकिंगच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, वर सुतळी बांधली, सकाळी घंटागाडी आली तेव्हा कचऱ्याच्या डब्यात घालून खाली नेलं. अण्णाही आपला कचरा घेऊन उभे होते. म्हणाले, "नॅपकिन दिसली का बे? तीन दिवस झाले."

मी म्हणालो, "नाही." आणि डबा गाडीत उपडा केला.

त्याच संध्याकाळी ते पुठ्ठा घेऊन माझ्या दारात आले. गठ्ठ्यांवर मार्करनं नावं लिहून लिहून माझं अक्षर छापल्यासारखं झालं आहे. अण्णांना मराठी लिहायला जमत नाही. "तूच लिही," म्हणाले आणि सांगू लागले, "पांढरी. शेपटाला काळं टोक. हाक मारली तर येत न्हाई, पण ऐकते."

"हे कशाला लिहायचं?"

"लिही की. लोक हाक मारतील आणि आली न्हाई म्हणून सोडून देतील."

मी लिहिलं. ठळक अक्षरात, खाली रेघ मारून. अण्णांनी ती पाटी विजेच्या खांबाला बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "आमच्या सुधाकरनं लिहिलाय."

त्यानंतर मी त्यांच्याकडं गेलो नाही. कामावरून सुटलो की मागच्या बोळातून घरी. पन्नाशी उलटलेला माणूस, चहा चुकवायला गटार ओलांडून जात होतो. ओव्हरटाइम आहे, पित्त झालंय, काय वाटेल ते सांगितलं. भिंतीपलीकडून पुठ्ठ्याच्या वाऱ्याचा आवाज यायचा. मी पंखा वाढवायचो.

दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी अण्णा दारात. हातात तीच पाटी. "उन्हानं अक्षर उडालं बे. परत गिरव."

मार्कर घेतला. "पांढरी" गिरवलं. पुढं हात चालेना. मी मार्कर खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. लग्न, कुलूप, खोटं, दार. स्वयंपाकघरात हिच्या हातातलं उलथणं थांबलं.

अण्णांनी पाटी आपल्याकडं ओढून घेतली. मग विचारलं, "पाणी होतं का तितं?"

"नव्हतं."

"आणि कुटं पुरलास?"

"पुरलं नाही, अण्णा. घंटागाडीत टाकली. तुम्ही होता तेव्हाच."

ते उठले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. दारापर्यंत गेले, तिथं चौकटीला धरून उभे राहिले. पाठमोरेच बोलले.

"दीड महिना तू चहाला आला न्हाईस. मला वाटलं, म्हातारा उगं विचारतोय म्हणून तुला राग आला. रोज दोन कप टाकलो. एक ओतून दिलो."

मी उठून त्यांच्या मागं उभा राहिलो.

"राग हाय माझा," अण्णा म्हणाले. "लई हाय. जाणार न्हाई तो. पण उद्यापासून येत जा. राग काढायला तरी घरात कुणी पायजे की बे."