जाताना सुलट, येताना उलट

कुठलीही गाडी गावात शिरते तेव्हा आधी तिचं तोंड दिसतं. देवराव काकाजींची व्हॅन मात्र गेल्या उन्हाळ्यात आठ दिवस आमच्या गावात पाठमोरी येत होती. आधी मागची काच दिसायची, मग काचेतून चंद्रभागाबाईंचा अंबाडा, मग आम्हा बाकीच्यांची डोकी, आणि सगळ्यांत शेवटी, मान पार मागे वळवून बसलेले काकाजी. रामाकोन्यापासून आमचं गाव पाच किलोमीटर आत आहे. हे पाचही किलोमीटर काकाजी रिव्हर्समध्ये येत. पहिल्या दिवशी रस्त्यावरच्या म्हशी बिचकून शेतात उतरल्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजूला होणंच सोडून दिलं.

या सगळ्याच्या मुळाशी मी होतो. ते सांगायला मला जरा वेळ लागेल, कारण स्वतःचा मूर्खपणा सांगताना माणूस आधी दुसऱ्याचं कौतुक करून घेतो. तर आधी काकाजी.

देवराव काकाजींनी तीस वर्षं सौंसर ते पांढुर्णा खासगी बस चालवली. मालकानं बस विकली तेव्हा त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रिकामी गाडी चालवता येत नाही. "कान वाजतेत जी," ते मला म्हणाले. "मांगून कोणी बोलून नाही राह्यलं तं वाटते, दरवाजा उघडा राहून गेला अन् सगळे पडले."

म्हणून ते गाडी भरल्याशिवाय हलत नाहीत. भाडं घेत नाहीत. सकाळी आठ वाजता चौकातल्या कडुनिंबाखाली व्हॅन लावतात आणि रामाकोन्याला जाणाऱ्या प्रत्येकाला कोंबतात. कोणी जाणारा नसेल तर न जाणाऱ्याला कोंबतात. एकदा मी नुसता दूध आणायला निघालो होतो; रामाकोन्याला पोचलो तेव्हा हातात दुधाचं रिकामं पातेलं होतं आणि पायात बायकोची चप्पल.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "जरा सरकून बसा, जागा होते." हे ते व्हॅनमध्ये म्हणतात, लग्नाच्या पंगतीत म्हणतात, दवाखान्याच्या बाकावर म्हणतात. एका दशक्रियेला पिंडाभोवती दोन कावळे भांडत होते, त्यांनाही म्हणाले.

व्हॅनमधला आरसा त्यांनी असा वळवून ठेवला आहे की त्यात मागचा रस्ता मुळीच दिसत नाही, फक्त आत बसलेल्या सवाऱ्या दिसतात. हे धोक्याचं आहे, असं मी एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, मांगचा रस्ता तं होऊन गेला. माणसं अजून बसून आहेत."

घरात ते एकटेच. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, टाइम टेबलात बसलं नाही.

मी मोहगावला मास्तर. मला गाडी चालवता येत नाही, आणि हे काकाजींच्या शिकवण्याचं अपयश नाही. त्यांनी मन लावून शिकवलं. मीही मन लावून व्हॅन संत्र्याच्या बागेत घातली, तारेच्या कुंपणासकट. काकाजी उतरले, एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी सवारीच राहा." तेव्हापासून मी सवारी आहे. व्हॅन बंद झाली तर मला शाळा गाठायला पाच किलोमीटर पायी चालून बस धरावी लागेल, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते निव्वळ सज्जनपणा होता असा कोणाचा समज व्हायला नको.

आता माझा मूर्खपणा.

मला चहाच्या टपरीवर फोनवरच्या बातम्या मोठ्यानं वाचायची खोड आहे. त्या सकाळी मथळा दिसला: गाडी जितकी चालेल तितका कर, ग्रामीण भागात चिंता. मी वाचला. पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्याच्या मध्यावर फोनची बॅटरी संपली. शहाणा माणूस तिथे थांबला असता. पण समोर बारा-पंधरा माणसं कप तोंडाशी धरून थांबलेली होती, आणि मास्तराला अर्धवट धडा सोडवत नाही. उरलेली बातमी मी मनानं पूर्ण केली.

"म्हणजे लागू झालाच समजा," मी म्हणालो.

टपरी पेटली. "दवाखाना सौंसरले, कचेरी पांढुर्ण्याले, माही पोरगी छिंदवाड्याले," एक जण बोटांवर मोजत म्हणाला. "नवा जिल्हा पांढुर्ण्याले आला तवा जवळ आला म्हणून पेढे वाटले आपण."

चंद्रभागाबाई रामाकोन्याला भाजी विकतात. त्या पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "शहरातल्या माणसाच्या घराखाली दुकान. आमाले मिठाच्या पुड्यालेबी पाच किलोमीटर. आमी दूर राह्यतो हा काय आमचा शौक आहे का? दूर राह्याचा दंड घेतेत मेले."

काकाजींनी एकच प्रश्न विचारला. "किती चालली हे पाहतीन कसं?"

"मीटर पाहून. दुसरं काय," मी म्हणालो. हे वाक्य बातमीत नव्हतं. ते संपूर्णपणे माझं आहे.

काकाजी उठले, व्हॅनपाशी गेले, खिडकीतून वाकून मीटरकडे बराच वेळ पाहत राहिले. तीस वर्षं जुन्या गाड्या हाताळलेला माणूस. जुन्या गाडीचं मीटर रिव्हर्समध्ये उलटं फिरतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या व्हॅनचं तर नक्कीच फिरत होतं. परत आले ते हसतच. "जाताना सुलट, येताना उलट. पाच गेले, पाच वापस आले. गाडी चाललीच नाही."

अशी ती उलटी वाहतूक सुरू झाली. पहिले दोन दिवस रामाकोन्याचे लोक वेशीपर्यंत पाहायला येत. काकाजी मान वळवून, आमच्या डोक्यांमधून मागच्या काचेबाहेर पाहत, बैलगाडीच्या चालीनं व्हॅन मागे रेटत. आम्ही समोर पाहत बसायचो आणि गाव पाठीकडून यायचं. विचित्र गोष्ट म्हणजे काकाजी त्या आठ दिवसांत कधी नव्हे इतके बोलत. "गुरुजी, दाढी अर्धीच केली का आज?" "चंद्रभागाबाई, काल रडल्या का तुमी? डोळे सुजले आहेत." बाई म्हणायच्या, "कांदे होते पाटीत. रस्त्याकडे पाहा ना भाऊ."

नवव्या दिवशी काकाजींची मान अडकली. मागे वळली ती पुढे येईना. त्यांना तसंच, खांद्यावरून मागे पाहणाऱ्या अवस्थेत, सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला आणि रिव्हर्स बंद केला.

"मग माणशी पाच रुपये घ्या काकाजी," मी सुचवलं. "कर लागला तर तेवढा निघून जाईल."

काकाजींना आता मान वळवता येत नव्हती, म्हणून ते अख्खे माझ्याकडे वळले. "गुरुजी, तीस वर्ष भाड्याची सवारी वाह्यली. भाडं दिलेला माणूस उतरते अन् जाते. त्याचं काय चुकलं? तो मोकळा झाला. फोकट बसलेला माणूस म्हणते, काकाजी, चहा घेऊन जा. त्या पाच किलोमीटरवर मले सतरा घरी चहा आहे. पाच पाच रुपयात सतरा घरं घालवू का?"

मग त्यांनी सहज सांगितलं की पांढुर्ण्याचा एक माणूस शुक्रवारी व्हॅन पाहायला येतो आहे. भाडं घ्यायचं नाही, कर भरणं झेपायचं नाही, रिकामी चालवता येत नाही. मग गाडी ठेवून करायचं काय.

घरी येऊन मी ती बातमी शोधली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. ती सातासमुद्रापलीकडच्या एका देशातली होती. तिथेही अजून नुसता विचारच चालू होता. आणि मोजणार होते ते गाडीत यंत्र बसवून. मीटर मागे फिरो की पुढे, त्या यंत्राला काही फरक पडणार नव्हता. मी फोन पालथा ठेवला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, परदेशात जरा गडबड झाली आहे."

शुक्रवारपर्यंत मी तीनदा काकाजींच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा हवापाण्याचं बोलून परत आलो. शुक्रवारी सकाळी गेलो तर व्हॅन धुऊन उभी होती. काचेवर मी शाळेतून आणून चिकटवलेला झेंडा होता, तो त्यांनी खरवडून खिशात ठेवला होता. ते पाहिलं आणि ओट्यावर बसून मी अख्खी बातमी वाचून दाखवली. एक ओळ गाळली नाही.

काकाजी ऐकत राहिले. त्यात तिथल्या एका शेतकऱ्याचं म्हणणं होतं की आमच्याकडे पावसुद्धा लांब जाऊन आणावा लागतो. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"तिकडेबी लोक दूर राह्यतेत म्हणा."

"हो काकाजी."

"त्याइची मान तं ठीक आहे ना?"

मी माफी मागितली. काकाजी पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे हे फोकटच गेलं. गुरुजी, पोराइले शिकवतानाबी असंच अर्धं शिकवता का?"

एवढ्यात पांढुर्ण्याचा माणूस मोटरसायकलवरून उतरला. काकाजींनी त्याला गाडी दाखवली नाही. मला म्हणाले, "जरा सरकून बसा," आणि त्याला ओट्यावर जागा करून दिली. "गाडी विकाऊ नाही राह्यली जी. गुरुजीनं बातमी पुरी वाचली. चहा घेऊन जा." तो माणूस चहा पिऊन, काही न समजता, परत गेला.

सोमवारी व्हॅन पुन्हा भरून निघाली. गेली सुलट, आणि चक्क आलीही सुलट. म्हशी पुन्हा बिचकल्या. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "चला, आता माणसासारखे घरी जाऊ." पण काकाजी काही बोलत नव्हते. मारुतीच्या देवळाच्या वळणावर, जिथून चौक दोनशे पावलं आहे, त्यांनी गाडी थांबवली, फिरवली आणि पट्टा सांभाळत हळूच मागे वळले.

"काकाजी, डॉक्टरनं काय सांगितलं आहे?"

"पाच किलोमीटर नको म्हणाला. एवढंसं नाही म्हणाला."

"पण आता कशाला? कर नाही, काही नाही."

त्यांनी रिव्हर्स टाकला. व्हॅन चालीला लागली. "तीस वर्ष आरशात पाह्यली माणसं, गुरुजी," ते म्हणाले. "उलटी अन् बारीक. हे आठ दिवस पाह्यली समोरासमोर. आदत लागून गेली."

मागून कडुनिंब येत होता. मी मधल्या सीटवर अगदी त्यांच्या नजरेत बसलो होतो.

"गुरुजी, जरा सरकून बसा."

"रस्ता दिसत नाही का?" मी घाईनं सरकत विचारलं.

"रस्ता दिसून राह्यला," काकाजी म्हणाले. "चंद्रभागाबाई नाही दिसून राह्यल्या."